हुकमापासून गावापर्यंत: कोल्हापुरात नागरी हक्कांच्या इतिहासाची कागदपत्रे कशी शोधावीत

राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत, म्हणजे १८९४ ते १९२२ या काळात, कोल्हापूर संस्थानातून निघालेल्या हुकमांची यादी अनेक वाचकांना तोंडपाठ असते. १९०२ चा पन्नास टक्के जागांचा हुकूम, १९१७ चा सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा, १९१८ मध्ये रद्द झालेले महार वतन, १९१९ मध्ये सार्वजनिक जागा, शाळा आणि दवाखाने यांतील अस्पृश्यतेविरुद्ध काढलेले आदेश ही त्यातली ठळक नावे. यादी पाठ असली, तरी मूळ कागद फार थोड्यांनी पाहिलेला असतो. हुकूम निघाल्यानंतर एखाद्या कचेरीत, एखाद्या शाळेत, एखाद्या गावाच्या पाणवठ्यावर नेमके काय बदलले हे सांगणारे कागद पाहिलेले लोक तर त्याहूनही थोडे. हे मार्गदर्शन विद्यार्थ्यांसाठी, शिक्षकांसाठी, गावाचा इतिहास लिहिणाऱ्यांसाठी आणि आपल्या पणजोबांची नोंद शोधणाऱ्या सामान्य माणसासाठी आहे. त्यात एकच पद्धत आग्रहाने मांडली आहे: एक हुकूम हाती धरावा आणि तो दरबारातून खात्याकडे, खात्याकडून पेट्याकडे (पेटा म्हणजे तालुक्यासारखा विभाग) आणि पेट्याकडून गावाकडे कागदोकागदी कसा उतरला, कोठे पोचला आणि कोठे अडला, याचा माग काढावा.

हुकूमच पुढचा कागद दाखवतो

सुरुवातीला २६ जुलै १९०२ चा हुकूम घ्यावा, कारण तो छापील आहे, सहज मिळतो आणि पद्धत शिकण्यासाठी त्याच्याइतका सोयीचा दुसरा कागद नाही. करवीर सरकारच्या गॅझेटात तो प्रसिद्ध झाला, तेव्हा महाराज सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणानिमित्त इंग्लंडमध्ये होते. यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी पन्नास टक्के मागासलेल्या वर्गांतून भराव्यात, हा त्यातला सर्वांना ठाऊक असलेला भाग. मागासलेले वर्ग म्हणजे कोण, याचा खुलासाही तेथेच आहे: ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग वगळून बाकीचे सर्व. ज्या कचेरीत मागास वर्गांचे प्रमाण पन्नास टक्क्यांहून कमी असेल, तेथील पुढची नेमणूक त्यांच्यातूनच व्हावी, असेही बजावले आहे.

संशोधकाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची ओळ मात्र शेवटाकडे येते आणि बहुतेक वाचक ती ओलांडून पुढे जातात. हुकूम निघाल्यानंतर केलेल्या सर्व नेमणुकांचे पत्रक प्रत्येक खातेप्रमुखाने दर तीन महिन्यांनी सादर करावे, असे त्या ओळीत सांगितले आहे. याचा अर्थ असा की, हुकमाने आपल्या अंमलबजावणीचा कागद स्वतःच जन्माला घातला. शोधणाऱ्याने 'आरक्षणाविषयी काही मिळेल काय' असे मोघम न विचारता ऑक्टोबर १९०२ आणि त्यानंतरच्या तिमाहींची नेमणूक-पत्रके, त्यांची आवक-जावक बारनिशी (म्हणजे नोंदवही) आणि पत्रक वेळेवर न आल्यास खात्याला गेलेली स्मरणपत्रे कोणत्या दप्तरात असू शकतील, असे विचारावे. हे कागद दप्तरात मिळाले तर उत्तमच. पण ज्या खात्याचे पत्रक आलेच नाही त्याच्याविषयीचा पत्रव्यवहार मिळाला, तर तोही तेवढाच बोलका असतो.

या शोधाची दोन टोके आकड्यांनी बांधलेली आहेत. १८९४ साली संस्थानाच्या सर्वसाधारण प्रशासनातील ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० ब्राह्मण होते; १९१२ साली ९५ पैकी ३५. या दोन आकड्यांच्या मधली अठरा वर्षे सहसा एका वाक्यात संपवली जातात. प्रत्यक्षात ती कचेरीगणिक वेगळी गेली असणार, आणि तो फरक दाखवू शकेल असा कागद शोधणे हेच खरे काम आहे.

हीच दृष्टी इतर हुकमांना लावावी. १९१७ च्या शिक्षण कायद्यात मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंडाची तरतूद होती. दंड म्हटला की वसुलीची नोंद, माफीचा अर्ज आणि अर्जावरचा शेरा आला. महार वतन रद्द करून जमिनी त्या-त्या वतनदारांच्या नावे रयतावा (म्हणजे सारा भरून स्वतःच्या मालकीच्या) करण्यात आल्या, म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीत फेरफार झाला असला पाहिजे. वेठबिगार बंद झाली, म्हणजे ज्या कामांसाठी पूर्वी माणसे फुकट धरून आणली जात, त्या कामांवर पुढे मजुरीचा खर्च पडू लागला असणार. हक्क दिल्याची घोषणा एका पानावर मावते, पण तो पोचला की नाही हे खर्चाच्या, वसुलीच्या आणि तक्रारीच्या रकान्यांतून कळते.

आजचा तालुका विसरावा

पुराभिलेखागारात जाण्यापूर्वी आपले गाव त्या काळी कोणाच्या अमलाखाली होते हे पक्के करावे. ही एक गोष्ट न केल्यामुळे अनेकांचे कष्ट वाया जातात. कोल्हापूर संस्थानाचा कारभार पेट्यांतून चाले आणि त्याखेरीज विशाळगड, बावडा, कागल, इचलकरंजी, कापशी यांसारख्या जहागिरी होत्या, ज्यांचे स्वतःचे कारभारी आणि स्वतःचे दप्तर असे. आजचा हातकणंगले तालुका शोधणाऱ्याला जुन्या कागदांत 'आळते पेटा' भेटतो. रायबाग आणि कटकोळ हे भाग संस्थानात होते. आज ते कर्नाटकात आहेत. संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले, तेव्हा त्या तारखेच्या आधीचे आणि नंतरचे कागद वेगवेगळ्या व्यवस्थांतून शोधावे लागतात.

माणगावचे उदाहरण घ्यावे. २१ आणि २२ मार्च १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली येथे परिषद भरली आणि अस्पृश्यांना त्यांचा पुढारी लाभला आहे असे महाराजांनी जाहीरपणे सांगितले. हे गाव आज हातकणंगले तालुक्यात असले तरी तेव्हा कागल जहागिरीत होते. त्यामुळे बंदोबस्त, परवानगी किंवा गावकामगारांचा अहवाल यांसारखा स्थानिक कागद शोधताना जहागिरीच्या दप्तराचा विचार आधी करावा लागतो. शेजारच्या दोन गावांचा कारभार दोन वेगळ्या धन्यांकडे असू शकतो, आणि एकाच वर्षी निघालेला दरबारचा हुकूम दोन्हीकडे एकाच दिवशी लागू झाला असे गृहीत धरता येत नाही.

पुराभिलेखागारात

महाराष्ट्र शासनाच्या पुराभिलेख संचालनालयाचे कोल्हापुरात पुराभिलेखागार आहे आणि संस्थानकालीन दप्तराचा शोध तेथूनच सुरू होतो. जाताना ओळखपत्र, छायाचित्र आणि शक्य असल्यास महाविद्यालयाचे किंवा संस्थेचे शिफारसपत्र बरोबर ठेवावे. अर्जात विषय लिहिताना 'शाहू महाराजांचे कार्य' असे लिहू नये. 'सन १९१९ ते १९२२ या काळातील शाळाखात्याचा अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या प्रवेशासंबंधीचा पत्रव्यवहार' असे काळ, खाते आणि बाब या तिन्हींसह लिहावे. दप्तर खात्यानुसार आणि सालानुसार रचलेले असते, आजच्या विषयांनुसार नाही. म्हणून अर्जच त्या रचनेशी जुळता असला, तर रुमाल (कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा) काढून देणाऱ्या कर्मचाऱ्यालाही हात कोठे घालायचा ते कळते. या कर्मचाऱ्यांचे दप्तराविषयीचे ज्ञान कोणत्याही छापील सूचीपेक्षा अधिक असते. त्यांना आपला प्रश्न नीट समजावून सांगण्यात घालवलेला वेळ कधीही वाया जात नाही.

वाचताना शाईचे पेन बाजूला ठेवून शिसपेन वापरावी. रुमाल सोडण्यापूर्वी त्यावरील चिठ्ठी जशीच्या तशी उतरवून घ्यावी: दप्तराचे नाव, रुमाल क्रमांक, फाईल क्रमांक, साल. कागदांचा क्रम चुकीचा वाटला तरी तो बदलू नये, कारण कारकुनाने कोणता कागद कोणत्या कागदाला जोडला होता हाही पुरावाच असतो. छायाचित्राची परवानगी असल्यास प्रत्येक कागदाच्या मागच्या बाजूचेही छायाचित्र घ्यावे. अर्ज पुढच्या बाजूला असतो आणि त्याचे काय झाले ते अनेकदा पाठीमागच्या दोन ओळींच्या शेऱ्यात असते.

तारखांचे गणित पहिल्याच दिवशी शिकून घ्यावे. संस्थानी कागदांवर इंग्रजी तारखेबरोबर किंवा तिच्याऐवजी फसली सन आढळतो. आपल्याकडचा फसली सन जूनच्या सुरुवातीला, मृगाच्या सुमारास बदलतो. जून ते डिसेंबर या महिन्यांसाठी फसली सनात ५९० मिळवावेत आणि जानेवारीपासून सन बदलेपर्यंत ५९१. त्यानुसार २६ जुलै १९०२ ही तारीख फसली १३१२ मध्ये येते, तर त्याच वर्षीचा एप्रिल महिना फसली १३११ मध्ये. संस्थानाचे वार्षिक प्रशासन अहवालही या पद्धतीने एका वर्षाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत चालतात, म्हणून '१९१९ चा अहवाल' असे न मागता १९१८-१९ आणि १९१९-२० असे दोन्ही मागावेत. जुन्या कागदांत शक आला तर ७८ मिळवावेत, जानेवारीपासून चैत्रापर्यंत ७९. सुहूर सन आला तर ५९९, जानेवारीपासून सन बदलेपर्यंत ६००.

मोडी लिपीची भीती बाळगण्याचे कारण नाही. वरिष्ठ पातळीवरचा बराच पत्रव्यवहार इंग्रजीत आणि छापील जाहीरनामे बाळबोधीत (म्हणजे देवनागरीत) आहेत, त्यामुळे मोडी न येणाऱ्यालाही सुरुवात करता येते. परंतु गावाकडून आलेले अर्ज, जबाब आणि पंचनामे पाहायचे असतील, तर मोडीला पर्याय नाही. पुराभिलेख संचालनालयाच्या वतीने मोडीचे प्रशिक्षण वर्ग वेळोवेळी घेतले जातात. शिकताना आधी अंक, महिन्यांची नावे आणि ठरावीक मायने ओळखू यावेत. शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो आणि ओळखीची पदे संक्षेपाने येतात. 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'कोम' म्हणजे अमक्याची बायको, 'मौजे' म्हणजे गाव. एवढे ओळखता आले की अर्जदार कोण आणि कोठचा हे उलगडते. आडनाव मात्र बहुतेक वेळा नसतेच. स्वतःचे नाव, बापाचे नाव, जात आणि गाव एवढ्यावर माणूस ओळखावा लागतो, म्हणून एकाच नावाची दोन माणसे एक समजण्यापूर्वी गाव आणि बापाचे नाव दोन्ही जुळवावे.

मूळ दप्तर पाहण्याआधी छापील साधने वाचून घेणे शहाणपणाचे. शिवाजी विद्यापीठाच्या शाहू संशोधन केंद्राने महाराजांच्या काळातील निवडक कागदपत्रांचे खंड प्रसिद्ध केले आहेत. ते वाचल्यावर कोणता कागद आधीच प्रकाशात आला आहे आणि कोणता नाही हे कळते, आणि त्या काळच्या सरकारी भाषेचे वळणही अंगवळणी पडते. पण खंड निवडक असतात. संपादकाने राज्यकर्त्याचे पत्र निवडले, म्हणून त्याच फाईलमधला महारवाड्यातून आलेला अर्ज क्षुल्लक ठरत नाही.

गावातले दप्तर

या विषयात सर्वांत जास्त शिल्लक असलेले आणि सर्वांत कमी वाचले गेलेले साधन म्हणजे जुन्या प्राथमिक शाळांचे जनरल रजिस्टर. शंभरी पार केलेल्या अनेक शाळांत ते मुख्याध्यापकांच्या कपाटात आजही असते. एरवी ते दाखल्यासाठी किंवा जातीच्या पुराव्यासाठी एका ओळीपुरते उघडले जाते. इतिहासासाठी ते सलग वाचावे लागते. एका पानावर ओळीने रजिस्टर क्रमांक, मुलाचे नाव, जात, जन्मतारीख, दाखल झाल्याची तारीख, इयत्ता, शाळा सोडल्याची तारीख, कारण आणि शेरा असे रकाने असतात. १९१९ मध्ये संस्थानाने अस्पृश्यांच्या स्वतंत्र शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळेत घेण्याचे ठरवले. तेव्हा वाचकाने १९१५ ते १९२५ अशी दहा वर्षे घ्यावीत आणि जातीचा रकाना वरून खाली वाचत जावा. महार, मांग, चांभार, ढोर या नोंदी कोणत्या महिन्यापासून येऊ लागतात? एकदम दहा-बारा नावे येतात की एखादे नाव येऊन पुन्हा वर्षभर खंड पडतो? मुलींची नावे केव्हा येतात? त्यानंतर उजवीकडचे दोन रकाने पाहावेत. दाखल झालेली मुले किती महिने टिकली आणि 'गैरहजर सबब नाव कमी केले' अशा अर्थाचा शेरा कोणाच्या नावापुढे अधिक वेळा येतो, हे मोजावे. दाखला मिळणे आणि वर्गात टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा फरक कोणत्याही जाहीरनाम्यात सापडणार नाही.

रजिस्टर सलग पाहण्यासाठी मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्यावी, ते शाळेतच वाचावे आणि नोंदी कोऱ्या तक्त्यात उतरवून घ्याव्यात. गावात नातवंडे-पतवंडे हयात असतात, म्हणून लेखनात मुलांची नावे न देता संख्या आणि वर्षे द्यावीत.

जमिनीसाठी तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात कोर्ट फी स्टॅम्प लावून नकलेचा अर्ज करावा. गाव नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवही, त्याचे जुने खंड आणि जुनी हक्कनोंदपत्रके यांत वतन जमिनींचे पुढे काय झाले हे दिसते. १९१८ नंतर एखाद्या वतनदाराच्या नावे झालेली जमीन पुढच्या वीस-तीस वर्षांत त्याच घरात राहिली, की गहाण, कर्ज आणि खरेदीखत यांच्या वाटेने गावातल्या दुसऱ्याच्या नावे गेली, हा प्रश्न जरूर विचारावा. संस्थानाबाहेरच्या मुंबई इलाख्यात हीच वतने पुढे कितीतरी वर्षे चालू राहिली आणि १९५८ च्या कनिष्ठ गाव वतने निर्मूलन कायद्याने रद्द झाली. त्यामुळे संस्थानातले एक गाव आणि सीमेपलीकडचे सांगली किंवा सातारा भागातले एक गाव यांची तुलना फार फलदायी ठरू शकते. गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही, माणसांची ओळख पटवण्यापुरती उपयोगी पडते.

वर्तमानपत्रे आणि न्यायालये

सरकारी कागदाची एक मर्यादा आहे: तो सरकारला जे कळले तेवढेच सांगतो. म्हणून त्याच आठवड्याची वर्तमानपत्रे शेजारी ठेवून वाचावीत. ३१ जानेवारी १९२० रोजी सुरू झालेला डॉ. आंबेडकरांचा 'मूकनायक', पुण्याचा 'विजयी मराठा' आणि विरोधी बाजू समजण्यासाठी 'केसरी' हे तिन्ही पाहावेत. १८५० पासून चालत आलेले करवीर नगर वाचन मंदिर आणि शिवाजी विद्यापीठाचे बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय येथे आधी विचारणा करावी. ब्रिटिश रेसिडेन्सीशी झालेल्या पत्रव्यवहाराचा माग काढायचा असेल, तर मुंबईच्या पुराभिलेखागारातील राजकीय खात्याचे दप्तर पाहावे लागते.

विलीनीकरणानंतरचा काळ अजून जवळजवळ अस्पर्श आहे. १९५५ मध्ये अस्पृश्यता (अपराध) अधिनियम आला आणि १९७६ च्या दुरुस्तीने त्याचे नाव नागरी हक्क संरक्षण अधिनियम झाले. त्याखालील खटल्यांच्या फिर्यादी, जबाब आणि निकाल यांतून विहीर, हॉटेल, न्हाव्याचे दुकान, देऊळ अशा नेमक्या जागांवरचा झगडा दिसतो. न्यायालयीन कागदांच्या जतनाला मुदती ठरलेल्या असतात आणि मुदत संपलेले कागद नष्ट केले जातात. त्यामुळे हे काम पुढे ढकलू नये. नकलेसाठी खटल्याचा क्रमांक आणि वर्ष लागते; ते नसेल तर पोलीस ठाण्याचे नाव आणि अंदाजे वर्ष घेऊन आधी नोंदवह्यांतून क्रमांक काढावा.

घरातले कागद

महाराजांनी अस्पृश्य समाजातील काही व्यक्तींना वकिलीच्या सनदा दिल्या, वसतिगृहांत मुले ठेवली, तलाठी म्हणून माणसे नेमली. यांतले अनेक कागद सरकारी दप्तरात नसतील, पण घरच्या ट्रंकेत असू शकतात: नेमणुकीचा हुकूम, अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या मिस क्लार्क वसतिगृहातला एखादा दाखला, परिषदेचे हस्तपत्रक, सभेची वर्गणीची पावती. अशा घरी गेल्यावर कागद मागून नेऊ नये. तेथेच बसून, घरच्यांसमोर, उजेडात छायाचित्र घ्यावे आणि कागद कोणी, केव्हा, कोणाकडून मिळवला हे वडीलधाऱ्यांना विचारून त्यांच्या शब्दांत टिपून ठेवावे. लॅमिनेशन करू नये, फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नये, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नये. स्वच्छ सुती कापडात सैल गुंडाळून जमिनीपासून उंच, ओल न येणाऱ्या जागी ठेवावेत.

पंचगंगेकाठच्या गावांना ही सूचना पावसाळ्यापूर्वीच द्यावी लागते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरांत माणसांनी जीव वाचवला तोच पुष्कळ होता. कागदांकडे पाहायला सवड कोणाला असणार? कागद भिजलेच तर एकमेकांना चिकटलेली पाने ओढून सोडवू नयेत आणि उन्हात टाकू नयेत. पानांत कोरा शोषक कागद घालून, तो वरचेवर बदलत, सावलीत पंख्याच्या वाऱ्यावर सुकवावेत. दोन दिवसांच्या आत सुकणे शक्य नसेल, तर गठ्ठा पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवावा आणि जाणकाराचा सल्ला घ्यावा. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही.

शोध पुरा झाल्यावर छायाचित्रांचा एक संच घरच्यांना, एक शाळेला आणि एक गावच्या ग्रंथालयाला द्यावा. प्रत्येक छायाचित्राखाली मूळ कागद कोणाकडे आहे, दप्तराचा असल्यास रुमाल व फाईल क्रमांक काय, मोडीचे लिप्यंतर कोणी केले आणि कोणते शब्द लागले नाहीत, हे लिहून ठेवावे. न लागलेल्या शब्दाच्या जागी अंदाज न लिहिता रिकामा कंस ठेवावा, म्हणजे पुढचा वाचक नेमका तेथूनच काम सुरू करू शकेल.